विश्लेषण : खान्देशातील ब्रिटिशकालीन इमारती पाडायच्या की जपायच्या?

धुळे, जळगाव, भुसावळमधील दगडी कचेऱ्या, रेल्वे बंगले आणि विश्रामगृहे कुणी, का आणि कशी बांधली? 'जुनी' म्हणजे 'धोकादायक' असे समीकरण बरोबर आहे का? कायदा काय सांगतो?

२२ मे २०२५ रोजी देशभरातील १०३ 'अमृत भारत' रेल्वे स्थानकांचे लोकार्पण झाले. महाराष्ट्रातील स्थानकांच्या यादीत धुळे आणि सावदा ही खान्देशातील दोन नावे होती. नवा दर्शनी भाग, नवे प्रतीक्षालय, नवी प्रकाशयोजना, असे या कामांचे स्वरूप आहे. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, अमळनेर, धरणगाव, पाचोरा ही स्थानकेही याच योजनेत आहेत. प्रवाशांना सोयी हव्याच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण या निमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा समोर आला आहे. शंभर-दीडशे वर्षांच्या इमारतीला हात लावताना काय ठेवायचे आणि काय काढायचे, हे कोण आणि कशाच्या आधारावर ठरवते?

हा प्रश्न फक्त रेल्वेचा नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाची विश्रामगृहे, पाटबंधारे खात्याचे बंगले, तहसील कचेऱ्या, शाळा, दवाखाने, पूल, अशी मोठी मालमत्ता दोन्ही जिल्ह्यांत ब्रिटिश काळापासून वापरात आहे.

थोडक्यात मुद्दे

• धुळ्यातील पहिल्या सरकारी इमारतींना १८१९ मध्ये मंजुरी मिळाली. जळगाव जिल्ह्याचे ठिकाण झाले ते १९०६ मध्ये.
• खान्देशातील वसाहतकालीन बांधकामामागे तीन कारणे होती : कारभार, कापूस आणि रेल्वे.
• जुन्या दगडी इमारती अनेकदा वयामुळे नव्हे, तर गळके छप्पर आणि चुकीच्या सिमेंट दुरुस्तीमुळे खचतात.
• इमारत 'संरक्षित स्मारक' नसली तरी शहराच्या हेरिटेज यादीत तिला जागा मिळू शकते.

धुळे हेच मुख्यालय का झाले?

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खान्देश ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला. तो सहजासहजी आला नाही. शिरपूर तालुक्यातील थाळनेरच्या किल्ल्यावर फेब्रुवारी १८१८ मध्ये झालेल्या लढाईत ब्रिटिश अधिकारी मारले गेले आणि नंतर किल्लेदाराला फाशी देण्यात आले. या अस्वस्थ मुलखाचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्याकडे आला. त्यांनी मुख्यालयासाठी धुळ्याची निवड केली. पुण्याहून उत्तरेकडे जाणाऱ्या वाटेवरचे आणि जिल्ह्याच्या मध्याजवळचे हे ठिकाण होते.

तेव्हाचे धुळे केवढे होते? १८१९ ची नोंद सांगते : ४०१ घरे आणि २,५०९ माणसे. एका बाजूला पांझरा, दुसऱ्या बाजूला पाटाचे पाणी आणि मध्ये बागायतीने वेढलेले छोटे गाव. जानेवारी १८१९ मध्ये ब्रिग्ज यांनी महसूल आणि न्यायाच्या कामासाठी कचेऱ्या बांधण्याची मंजुरी मिळवली. कारागीर लांबून आणावे लागले. एकूण खर्च आला २७ हजार रुपये. व्यापाऱ्यांनी येऊन राहावे म्हणून घरांसाठी कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या गेल्या. पक्की घरे बांधण्यासाठी जुन्या रहिवाशांना आणि बाहेरून आलेल्यांना आगाऊ पैसेही मिळाले.

म्हणजे आजच्या भाषेत हे एक 'टाऊनशिप' धोरणच होते. आधी सरकारी कार्यालय, मग जमीन, मग कर्ज आणि मग बाजारपेठ. आज धुळेकर ज्या सरळ, क्रमांकाच्या गल्ल्यांवरून पत्ता सांगतात, त्या नव्या धुळ्याची सुरुवात या काळातली आहे. १८७२ मध्ये पांझरेला आलेल्या मोठ्या पुराने शहरातील घरांचे आणि मालमत्तेचे बरेच नुकसान केले, ही नोंदही विसरण्यासारखी नाही. नदीकाठच्या जुन्या बांधकामांकडे पाहताना पूररेषेचा प्रश्न आजचा नाही, हे लक्षात येते.

जळगाव एवढे उशिरा का?

खान्देश हा आधी एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे दोन भाग झाले. पश्चिम खान्देशचे ठिकाण धुळे राहिले, तर पूर्व खान्देशचे जळगाव झाले. त्यामुळे धुळ्याची पहिली सरकारी कचेरी आणि जळगावचे जिल्हा मुख्यालय यांच्यात जवळपास ८७ वर्षांचे अंतर आहे.

मात्र जळगावचे नशीब त्याआधीच बदलले होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होते. तिकडचा कापूस बंद झाल्याने इंग्लंडमधील गिरण्यांना भारतीय कापूस हवा होता. नेमक्या याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला अर्थात जीआयपी रेल्वे खान्देशात पोहोचली. कापूस आणि रूळ एकाच वेळी हाताशी आले आणि जळगाव ही मोठी बाजारपेठ बनली. पुढे सूतगिरणी उभी राहिली. ती खान्देश मिल म्हणून ओळखली गेली. आज त्या मिलची जागा 'खान्देश सेंट्रल' या नावाने सांगितली जाते.

हाच फरक दोन्ही शहरांच्या रूपात दिसतो. धुळे कचेरीभोवती वाढले, जळगाव बाजाराभोवती. धुळ्यात जुने काही शोधायचे तर सरकारी आवारात डोकवावे लागते. जळगावात जिनिंग-प्रेसिंगची आवारे, वखारी आणि स्थानकाचा परिसर पाहावा लागतो. आज जळगावची ओळख सांगताना महापालिकेच्या १७ मजली इमारतीचे नाव आधी येते, यातही त्या बाजारी स्वभावाचा काही अंश असावा.

रेल्वेने नेमके काय बांधले?

सर्वाधिक ठसा रेल्वेचा आहे आणि तो भुसावळमध्ये आहे. मुंबईहून आलेला मार्ग येथे फुटतो. एक फाटा नागपूरकडे जातो, तो १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. दुसरा तापी ओलांडून खंडवामार्गे जबलपूरकडे जातो. मार्च १८७० मध्ये जबलपूरला रूळ जोडले गेले आणि मुंबई-कोलकाता हा प्रवास रेल्वेने शक्य झाला. त्या वाटेवर भुसावळ हे इंजिन बदलण्याचे, पाणी-कोळसा भरण्याचे आणि कर्मचारी बदलण्याचे ठिकाण होते.

त्यातून एक आखीव गाव उभे राहिले. अधिकाऱ्यांचे प्रशस्त बंगले, कर्मचाऱ्यांच्या चाळी, शाळा, चर्च, दवाखाना, इन्स्टिट्यूट आणि रुंद रस्ते. कोणाला किती मोठे घर आणि स्थानकापासून किती अंतरावर, हे हुद्द्यावर ठरत असे. जिने मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस बांधले, तीच ही कंपनी. मुंबईची इमारत २००४ पासून जागतिक वारसा आहे. भुसावळची वसाहत मात्र 'जुने क्वार्टर' म्हणून ओळखली जाते.

१९०० मध्ये चाळीसगाव-धुळे हा फाटा सुरू झाला. पाचोरा-जामनेर या नॅरोगेज मार्गावर 'पीजे' सुमारे शंभर वर्षे धावली. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली. आता तिच्या जागी ब्रॉडगेज होणार आहे. त्या वाटेवरच्या छोट्या स्थानकांचे पुढे काय करायचे, याचा विचार रूळ उखडण्याआधी व्हायला हवा. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे. तो धुळ्यातून जाणार असल्याने या जुन्या टोकाच्या स्थानकाचे महत्त्वही बदलणार आहे.

बांधकामाची पद्धत काय होती?

१८५४ मध्ये लॉर्ड डलहौसी यांच्या काळात सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले. त्यानंतर नमुना नकाशे आले. म्हणून साक्री असो की रावेर, जुने विश्रामगृह पाहिले की 'असेच दुसरीकडे पाहिले आहे' असे वाटते. मध्ये मोठी खोली, दोन्ही बाजूंना लहान खोल्या, पुढे-मागे व्हरांडा आणि स्वयंपाकघर मुख्य इमारतीपासून दूर.

नकाशा साहेबाचा असला तरी साहित्य आणि हात इथलेच होते. काळा दगड जवळच्या खाणीतला, चुना भट्टीचा, सागवान सातपुड्यातला आणि घडणारे वडार, गवंडी, सुतार याच भागातले. 'बंगला' हा शब्दही इंग्रजी नाही. बंगालमधल्या घरावरून तो इंग्रजांनी उचलला. खान्देशातील धाब्याची घरे जाड भिंती आणि मातीच्या छताने जे साधतात, तेच या इमारतींनी वेगळ्या मार्गाने साधले.

उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो अशा भागात ही रचना कशी काम करते, ते पाहू.

• जाड भिंत : दीड ते दोन फुटांची दगडी भिंत दुपारची उष्णता आत पोहोचायला कित्येक तास लावते. तोवर बाहेर संध्याकाळ झालेली असते.
• व्हरांडा : ऊन थेट मुख्य भिंतीवर पडत नाही. म्हणजे भिंत मुळातच कमी तापते.
• उंच छत आणि झरोके : गरम हवा वर जाते आणि छताजवळच्या झरोक्यांतून बाहेर पडते.
• कौले : मंगळूरमध्ये १८६५ मध्ये बासेल मिशनने कौलांचा कारखाना सुरू केला आणि तशी कौले पुढे सर्वदूर पोहोचली. कौलांच्या फटींतून हवा खेळते आणि एखादे फुटले तर तेवढेच बदलता येते.
• लोखंडी तुळया व विटांच्या कमानी : सपाट छतासाठी तुळयांच्या मध्ये विटांच्या उथळ कमानी बसवत. वर चुन्याचा कोबा.

आजच्या काँक्रीटच्या पेटीत वातानुकूलन यंत्राशिवाय बसवत नाही, ही तक्रार करणाऱ्या कार्यालयांना यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

पाण्याच्या कामांचाही यात समावेश होतो का?

व्हायलाच हवा. गिरणेवरील जामदा बंधारा आणि त्याचे कालवे १९ व्या शतकातले आहेत. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या कारकिर्दीची सुरुवातही याच भागात झाली. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या या तरुण अभियंत्याने खान्देशात पांझरेच्या पात्राखालून पाणी पलीकडे नेणारा नळाचा वक्रनलिका प्रकल्प पूर्ण केला. म्हणजे 'इंग्रजांनी बांधले' असे आपण सहज म्हणतो, त्यातील काही कामे भारतीय अभियंत्यांची आहेत.

आणि इंग्रजांनी आल्यावर पाटपाणी सुरू केले, असेही नाही. पांझरा खोऱ्यातील फड पद्धत त्यांच्या आधीची आहे. ब्रिग्ज यांनी पाहिलेले धुळे आधीच पाटाच्या पाण्याकाठी वसलेले होते.

गुलामीच्या खुणा कशाला जपायच्या?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. धरणगाव येथे लेफ्टनंट जेम्स आउट्रम यांनी १८२५ मध्ये भिल्ल तुकडी उभारली. डोंगरातील भिल्लांना वठणीवर आणण्यासाठी भिल्लांनाच शिपाई करायचे, असे ते धोरण होते. ब्रिटिश नोंदी त्याला यश म्हणतात. पण १८५७ मध्ये सेंधवा घाटाच्या परिसरात बंड करणारे खाज्या नाईक हे आधी त्याच घाटाच्या राखणीवर सरकारी नोकरीत होते. म्हणजे धरणगावच्या बंगल्याची गोष्ट साहेबाच्या शौर्यावर संपत नाही.

काही इमारतींचा अर्थ तर त्यांत राहिलेल्या माणसांनी बदलून टाकला. धुळ्याचा तुरुंग त्याचे ठळक उदाहरण आहे. येथे १९३२ मध्ये २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी विनोबा भावे यांनी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचने दिली. अठरा अध्याय, अठरा रविवार. सोबतच्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ त्यातून तयार झाला. तुरुंग इंग्रजांचा, पण आज तो ज्यासाठी आठवला जातो ते काम त्यांच्या कैद्यांचे.

दुसरे उदाहरण लळिंगच्या वनक्षेत्रातील लांडोर बंगल्याचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ मध्ये न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले होते. त्या भेटीच्या स्मरणार्थ दरवर्षी ३१ जुलैला येथे अनुयायी मोठ्या संख्येने जमतात. धुळे शहरातील ट्रॅव्हलर्स बंगल्याची जागाही याच आठवणीतून 'संदेशभूमी' म्हणून ओळखली जाते. तिसरे उदाहरण चाळीसगावचे. रेल्वे स्थानकाजवळच्या बंगल्यात छायाचित्रकार केकी मूस यांनी आयुष्य काढले आणि आज त्यांची कला पाहायला लोक तिथेच येतात.

या सर्व ठिकाणी लोकांनी इमारत कुणी बांधली हे पाहिलेले नाही. आत काय घडले, हे पाहिले आहे. जतनाचा निकष म्हणून ही लोकांची कसोटी सरकारी कसोटीपेक्षा अधिक उपयोगी आहे. वास्तू पाडली तर साहेबाची सत्ता पुसली जात नाही, ती तर १९४७ मध्येच गेली. पुसली जाते ती आपल्या माणसांनी त्या जागेत केलेल्या कामाची खूण.

मग सुरक्षिततेचे काय?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी बस आणि इतर वाहने वाहून गेली. त्यानंतर राज्यभरातील जुन्या पुलांच्या तपासणीचा विषय ऐरणीवर आला. जळगावातील शिवाजीनगरचा जुना रेल्वे उड्डाणपूल पाडून तेथे नवा पूल बांधण्यात आला. वाहनांचे वजन आणि संख्या पूर्वीच्या कित्येक पट झाल्यावर पूल बदलणे अनेकदा अटळ असते. इमारतीचे गणित मात्र वेगळे आहे. तिच्यावरचा भार शंभर वर्षांत फारसा बदललेला नसतो.

जुनी इमारत खचते ती बहुधा चार कारणांनी.

१. छप्पर गळते. पाणी सागवानी तुळयांच्या टोकांत आणि भिंतीच्या गाभ्यात शिरते.
२. चुन्याच्या जागी सिमेंट येते. चुना ओल शोषतो आणि बाहेर टाकतो. सिमेंटचा गिलावा ही वाट बंद करतो. ओल आत अडकते, क्षार साचतात आणि गिलाव्यासह दगड-विटांचे पापुद्रे सुटतात. दुरुस्ती केल्यावर दोन-चार पावसाळ्यांत भिंत आधीपेक्षा वाईट दिसते, त्याचे कारण हेच.
३. झाडे उगवतात. पिंपळाचे रोप सांध्यात रुजले की मूळ दगड सरकवते.
४. काळी माती हलते. आपली कपाशीची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर भिंतीला तडे जातात.

यातील प्रत्येक दोषावर उपाय आहे. तड्यावर काचेची पट्टी चिकटवून ती तुटते का, हे वर्षभर पाहिले तर तडा वाढतोय की ऋतूनुसार उघड-मीट करतोय, हे कळते. खर्च नगण्य.

महापालिका धोकादायक इमारतींचे वर्गीकरण करतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्यायोग्य. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. म्हणजे 'धोकादायक' या एका शब्दात चार वेगवेगळे निर्णय दडलेले आहेत. स्ट्रक्चरल ऑडिट झाले, एवढी बातमी पुरेशी नाही. वर्ग कोणता आला आणि चाचणी कोणती केली, हे विचारायला हवे. काँक्रीटसाठी वापरला जाणारा रिबाउंड हॅमर चुन्यातील दगडी भिंतीचे खरे बळ सांगत नाही. त्यासाठी फ्लॅट-जॅकसारख्या वेगळ्या चाचण्या आणि दगडी बांधकाम जाणणारा अभियंता लागतो.

कायदा काय म्हणतो?

केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा संरक्षित स्मारकांसाठी आहे. केंद्राच्या कायद्यात शंभर वर्षांची अट आहे आणि २०१० च्या दुरुस्तीनुसार स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे. खान्देशातील चांगदेव मंदिर, पाटणचे महेश्वर मंदिर, बलसाण्याची मंदिरे, थाळनेरच्या कबरी अशी नावे संरक्षणात दिसतात. हा कल प्राचीन आणि मध्ययुगीन वास्तूंकडे आहे. १८५० नंतरची साधी कचेरी या चौकटीत क्वचितच बसते.

तिच्यासाठी दुसरा मार्ग आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ नुसार विकास आराखड्यात ऐतिहासिक व वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या जागा जपण्याची तरतूद करता येते. मुंबईने १९९५ मध्ये हेरिटेज नियमावली आणली. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीमुळे असे नियम राज्यातील इतर शहरांनाही उपलब्ध झाले. त्यात इमारतींचे श्रेणी एक, दोन आणि तीन असे वर्ग आहेत. श्रेणी जितकी वरची, तितके बदलांवर बंधन अधिक. खासगी मालकाचे नुकसान होऊ नये म्हणून हस्तांतरणीय विकास हक्काची, म्हणजे टीडीआरची सोय आहे. त्यामुळे 'यादीत नाव आले की घर गेले' ही भीती पूर्णपणे खरी नाही. धुळे आणि जळगाव या दोन्ही महापालिका २००३ मध्ये स्थापन झाल्या. यादी करणे त्यांच्या अधिकारातले काम आहे.

जपायचे म्हणजे कुलूप लावायचे का?

नाही. वापरात असलेली इमारतच टिकते. पुण्याची महात्मा फुले मंडई १८८६ मध्ये पूर्ण झाली आणि तेथे आजही भाजीच विकली जाते. मुंबईतील भाऊ दाजी लाड संग्रहालयाची १८७२ ची इमारत दुरुस्तीनंतर नव्याने उभी राहिली आणि २००५ मध्ये तिला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. खान्देशात वाचनालय, अभ्यासिका, कापूस किंवा रेल्वेचे छोटे संग्रहालय, बचतगटांचे विक्री केंद्र असे वापर शक्य आहेत. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना उन्हाळ्यात थंड राहणारी जागा मिळाली तर ती मुलेच त्या इमारतीची राखण करतील.

सगळेच जपणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. एकाच नमुन्याची दहा विश्रामगृहे असतील तर सर्वांवर सारखा खर्च करण्यात अर्थ नाही. पण निवड करायची तर आधी मोजदाद हवी. पाडण्याआधी किमान मोजमाप, नकाशे आणि छायाचित्रे तयार व्हायला हवीत. आणि पाडलेच तर सागवान व घडीव दगड भंगारात न जाता दुसऱ्या जुन्या इमारतीच्या दुरुस्तीला वापरले जावेत.

नागरिक काय करू शकतात?

• आपल्या शहराची हेरिटेज यादी आणि समिती आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारा.
• विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा इमारतीचे नाव, जागा आणि महत्त्व लेखी कळवा.
• पाडण्याचा निर्णय झाला असेल तर ऑडिट अहवालाची प्रत मागा आणि इमारत कोणत्या वर्गात आहे ते पाहा.
• घरातील जुनी छायाचित्रे, मिलचे पगारपत्रक, रेल्वेचे ओळखपत्र स्कॅन करून ठेवा. जुनी कागदपत्रे असतील तर धुळ्याच्या इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेशी बोला.
• १८८० चा खान्देश गॅझेटिअर वाचनालयात किंवा ऑनलाइन चाळा. आपल्या गावाची नोंद बहुधा सापडेल.

पुढे काय?

येत्या काही वर्षांत स्थानकांची कामे, नवे मार्ग, रुंद होणारे रस्ते आणि नव्या प्रशासकीय इमारती यांमुळे खान्देशातील जुन्या बांधकामांबाबत एकामागून एक निर्णय होतील. प्रत्येक निर्णय सुटा आणि किरकोळ दिसेल. एक कचेरी, एक क्वार्टर, एक छोटे स्थानक. दहा वर्षांनी बेरीज केली तर मात्र २,५०९ माणसांच्या गावाचे शहर कसे झाले, हे दाखवायला जागेवर काहीच उरलेले नसेल. यादी करायला मोठा निधी लागत नाही. एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी आणि महापालिकेचा नगररचना विभाग एका सत्रात हे काम करू शकतात. जपायचे की पाडायचे, हा वाद त्या यादीनंतर घातला तर त्याला काही अर्थ असेल.